पावण्यांशी बोलणारा आनंदा

फोनवर आनंदाच्या मंडळातली मनीषा होती. ‘काका, दादा गेले,’ एवढंच म्हणाली. मी छापखान्यात उभा होतो. मागे मशीन चालू होतं, त्यामुळे मला नीट ऐकू आलं नाही असं तिला वाटलं असावं. पण ऐकू आलं होतं. मी तिला विचारलं, ‘कुठल्या काठाला?’

ती म्हणाली, ‘काठाला न्हाई ओ, काका. घरात. खुर्चीत बसल्यात. वैनी चहा टाकायला आत गेल्या, भाईर येऊन बघत्यात तर...’

आनंदाला जाऊन आता दीड-एक महिना होत आला. माझ्या तोंडून पहिल्यांदा तोच प्रश्न का निघाला, याचा मी अजून विचार करतो. त्याला नदीनेच नेलं असेल, असं मी कुठेतरी धरूनच चाललो होतो. इतकी वर्षं तो तिच्याकडून माणसं परत आणत होता. त्याच्या घरी पोचलो तेव्हा तो खुर्चीतच होता, अंगावर कामावरचा निळा शर्ट, पाय कोरडे. त्या कोरड्या पायांकडेच मी बघत राहिलो. त्याला कोरड्या पायांनी असा निवांत बसलेला मी फारसा कधी पाहिला नव्हता.

आनंदा कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर होता. पण कोल्हापुरात त्याला ओळखणारे त्याला ओळखायचे ते ‘उगवती युवक विकास मंडळा’मुळे. पंचगंगेच्या काठाजवळ पत्र्याच्या छपराची एक खोली, तीत दोरखंड, हवा भरलेल्या ट्यूबा, एक स्ट्रेचर, प्रथमोपचाराची पेटी आणि पुस्तकांचं एक कपाट... एवढाच मंडळाचा संसार. मंडळातली पोरं रक्तदान करायची, झाडं लावायची, सायकल दुरुस्त करायला शिकायची. पण लोकांच्या लक्षात राहायचं एकच. नदीत कुणी बुडालं की बाहेर काढायला हीच पोरं जायची.

जायच्या आदल्याच आठवड्यात तो माझ्याकडे आला होता. कामावरचं हेल्मेट काखेत मारून टेबलाला टेकला आणि म्हणाला, ‘आण्णा, एक पत्रक छापायचं हाय. मंडळात येण्याबद्दल लोकांच्यात लय गैरसमज हायत. पोरं येत्यात आन् आईबाप माघारी न्हेत्यात. एकदा काय ते सगळं छापूनच टाकूया.’ मी कागद ओढला, म्हटलं, सांग. तो हसला. ‘मी कशाला सांगू? तुमीच ल्ह्या की. गैरसमज तुमच्याइतकं कुणाला ठावं हायत?’

तो हे चेष्टेत म्हणाला. आमच्याकडे बोलण्याची पद्धतच तशी आहे, माणूस टोमणा मारल्याशिवाय जवळ येत नाही. पण माझा हात कागदावर थांबला. इतकी वर्षं मी ज्या प्रश्नाला चुकवत होतो, तो त्या दिवशी त्याला विचारून टाकावा असं वाटलं. आनंदा, तू मला जबाबदार धरतोस का? तोंडापर्यंत आलं होतं... तेवढ्यात त्याची कारखान्याची बस यायची वेळ झाली. ‘पैल्या वळीत ठळक टाका, पाण्यात पवता येत नसलं तरी चालतंय,’ असं दारातून सांगून तो गेला.

तो प्रश्न कशाचा होता, ते आता सांगितलं पाहिजे.

नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. वडील गेल्यावर छापखाना माझ्या गळ्यात पडला होता आणि माझा धाकटा भाऊ सुरेश माझ्या हाताखाली अक्षरांचे खिळे जुळवायचा. सुरेश फार कमी बोलायचा. गिऱ्हाईक आलं की मशीनच्या मागे जाऊन उभा राहायचा. त्याच वयाचा आनंदा मंडळाच्या पावत्या छापून घ्यायला यायचा आणि मशीनच्या मागे जाऊनच सुरेशशी गप्पा मारायचा. एक दिवस सुरेशनं मला जेवताना सांगितलं, ‘दादा, मी आनंदाच्या मंडळात जाऊ? पण मला पवता येत न्हाई, चारचौघांत बोलता येत न्हाई. घेतील का?’ आनंदाला हे त्यानं आधीच विचारलं होतं म्हणे, आणि आनंदा म्हणाला होता, ‘येत न्हाई म्हणूनच ये की. ज्यास्नी येतंय त्यास्नी आमी काय शिकीवणार?’

मी नाही म्हणालो. मंडळं मला फक्त छापखान्यातून ठाऊक होती. वर्गणीच्या पावत्या, मिरवणुकीचे फलक, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि त्यावर साखळ्या घातलेल्या पोरांचे फोटो. मला वाटायचं, मंडळ म्हणजे एवढंच. त्यात हे मंडळ तर मढी काढणाऱ्यांचं. आई म्हणाली, त्या पोरांच्या अंगाला वाईट वारं लागतं, त्यांना पोरी कोण देणार? आमच्या एका चुलत्यांनी आणखी एक गोष्ट काढली, की तिथं कुठल्याही घरातली पोरं एका ताटात जेवतात. आनंदाचं घर बौद्ध, हे न उच्चारता त्यांनी उच्चारलं. मी त्यांना गप्प बसवलं नाही. आणि या सगळ्यावर मी माझी खरी भीती चढवली. सुरेशला म्हटलं, ‘ती लोकं तुला पाण्यात न्हेणार. तुझा जीव गेला तर आईला मी काय सांगू?’

सुरेशनं मान हलवली. त्यानं पुन्हा विषय काढला नाही.

त्याच पावसाळ्यात नदीपलीकडच्या एका दूध संस्थेचे वार्षिक अहवाल छापून झाले होते आणि सभा तोंडावर होती. मीच त्याला गठ्ठे घेऊन सायकलवरून पाठवलं. बंधाऱ्यावरून पाणी जात होतं, पण घोट्याएवढंच. आमच्याकडे लोक तसे जातातच. बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढलेल्या बंधाऱ्यावरून पाण्याचा पातळ पदर वाहत असतो, माणसं पायजमे वर करतात, सायकली हातात धरतात आणि ओलांडतात. सुरेशच्या पुढे दोघे गेले. ते पोचले. मागे वळून बघितलं तर बंधारा मोकळा होता. त्यांनी सांगितलं, ओरडल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

आनंदाची पोरं न बोलावता आली. पाणी चढत गेलं आणि नाव मिळेना, तेव्हा त्यांनी गुऱ्हाळावरची मोठी काहिल उचलून आणली. उसाचा रस आटवायची ती लोखंडी कढई पुरात नावेसारखी वापरतात. ती सरळ जात नाही, गरगरत जाते. काठावर उभा राहून मी आनंदाचं तोंड आणि पाठ, तोंड आणि पाठ, असं आलटून पालटून बघत होतो. ते शिरोळच्या बाजूला, उसात शिरलेल्या पाण्यातही जाऊन आले. सुरेश मिळाला नाही. मिळत राहिली ती अहवालाची पानं. बाभळीला, कुंपणाला, घाटाच्या पायऱ्यांना. एका पानावर चेअरमनचा हसरा फोटो होता. पाणी उतरेपर्यंत तो चेहरा इतक्या ठिकाणी चिकटलेला दिसायचा की मला काठावर जायची भीती वाटू लागली. जिथं बघावं तिथं तो हसत होता, आणि मला हवा होता तो चेहरा कुठेच नव्हता.

पाणी उतरल्यावर आनंदा घरी आला. आईसमोर उकिडवा बसला. ‘मावशी, पाणी उतरलं,’ म्हणाला. आई म्हणाली, ‘मग येईल तो आता.’ शोध थांबला आहे, हे तो सांगायला आला होता आणि त्याला ते सांगता आलं नाही. जाताना त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्याचा अर्थ मी पुढे इतक्या वेळा लावला की मूळचा अर्थ काय होता ते आता मला सांगता येणार नाही. आईनं शेवटपर्यंत कुठलाही विधी करू दिला नाही. वारली तेव्हाही दाराकडे तोंड करून झोपलेली होती.

पुढच्या वर्षी मी मंडळात गेलो. पस्तिशीला आलेला माणूस युवक मंडळात! पोरं हसायची. ‘आण्णा, युवक विकासात तुमचा आता कसला विकास करायचा ओ?’ लोक म्हणायचे, भाऊ गेल्यावर सेवेला लागला. हाही एक गैरसमजच. मी सेवेला गेलो नव्हतो. नदी जेव्हा कुणाला परत देईल तेव्हा मला तिथं हजर असायचं होतं, एवढंच.

पहिल्या रविवारी आनंदानं नव्या पोरांना घाटाच्या पायरीवर बसवलं, मलाही त्यांच्यातच. मला वाटलं, आता कपडे काढून पाण्यात उतरवणार. तो म्हणाला, ‘पैला धडा. पाण्यात जायाचं न्हाई. नुसतं बघायचं.’ सगळा पावसाळा त्यानं आम्हाला नुसतं बघायला लावलं. पाणी तांबडं कधी होतं. मधल्या काटक्या कडेच्या काटक्यांपेक्षा जोरात कधी जायला लागतात. वर पातळ दिसणारं पाणी खाली पाय कसं ओढतं. ‘घोट्याएवढं पाणी आन् तेचा आवाज बंद झालेला, आसं दिसलं की सायकल फिरवायची आन् घरला जायाचं. लोकं हसू देत. माघारी फिरायला शिकणं हीच आपली पैली परीक्षा.’

पोरं कंटाळली होती. मला मात्र पायरी धरून बसावं लागलं. ती लोकं तुला पाण्यात नेणार, असं मी सुरेशला सांगितलं होतं. त्याच्या वयाची पोरं माझ्या शेजारी बसून माघारी फिरायला शिकत होती.

आनंदाला हे कळलं असेलच. पण तो कधी काही बोलला नाही. सापडलेल्या माणसाशेजारी थांबणं मला जमत नाही हेही त्यानं ओळखलं आणि माझ्यावर वरचं काम टाकलं. कुणी सापडलं की मी पायऱ्या चढून रस्त्यावरच्या फोनवर जायचं, पोलिसांना कळवायचं, ते येईपर्यंत वरच थांबून त्यांना वाट दाखवायची. खाली बसायचं काम त्याचं.

ते खाली बसणं म्हणजे काय, हे मंडळात न आलेल्यांना ठाऊक नसतं. मंडळात मढं, प्रेत, बॉडी हे शब्द चालायचे नाहीत. अनोळखी माणसाला आपण जे म्हणतो तेच तिथेही म्हणायचं... पावणं. बाहेर काढल्यावर चादर घालायची आणि पोलीस येईपर्यंत एकानं शेजारी बसून पावण्यांशी बोलत राहायचं. गप्प बसायचं नाही. मी वर जाता-येता आनंदाचा आवाज ऐकायचो. ‘पावणं, ऊन पडलंय, पर वारं गार हाय बगा. घाबरायचं काम न्हाई. पोलीस येत्याल, दोन सह्या घेत्याल, मग घरला.’ घाटावर धुणं धुणाऱ्या बायका काम टाकून उठून जायच्या. एकदा एका फौजदारानं त्याला झापलं, ‘काय रे, याड लागलंय काय तुला?’ आनंदा म्हणाला, ‘न्हाई साहेब. तुमाला यायला उशीर झाला, म्हणून पावण्यांस्नी जरा बसवून घेतलं.’

मी त्याला एकदा विचारलं होतं, तू भुताखेतांवर विश्वास ठेवतोस का? तो चिडलाच. ‘आमच्या घरात तसलं काय चालत न्हाई, आण्णा. मेलं ते मेलं.’

‘मग बोलतोस कशाला?’

‘पोरांसाठी ओ. आवाज बंद झाला की पोरं भित्यात. माणूस बोलाय लागला की समोरचंबी माणूसच वाटतंय.’

हे मला पटलं. नेसरीच्या माणसापर्यंत पटलेलं होतं.

तो सापडला तो उन्हाळ्यात, भर दुपारी, नदी अगदी आटलेली असताना. अंगावर एक बनियन आणि चड्डी, बाकी काही नाही. पायात चप्पल नाही, खिसाच नाही तर चिठ्ठी कुठली. मी फोन करून खाली आलो तेव्हा आनंदा चादरीकडे जरासा वाकून बसला होता. दिवसाच्या त्या वेळी घाटावर असतो तो कावळ्यांचा गलबला त्या क्षणी थांबलेला होता, निदान मला तसं आठवतं. आनंदा म्हणाला, ‘व्हय व्हय.’ मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, ‘आण्णा, पोलिसांस्नी सांगा, पावणं नेसरीकडचं हायत.’

मी सांगितलं. फौजदारानं मला विचारलं, कशावरून? मी काहीतरी बोललो. दोन-चार दिवसांनी त्या माणसाचा भाऊ ओळख पटवायला आला. नेसरीजवळच्याच गावचा होता. मी आनंदाला गाठून विचारलं, तुला कसं कळलं? तो सायकलची चेन बसवत होता. वर न बघता म्हणाला, ‘चपलांवरनं. तिकडच्या चपला वळखू येत्यात.’

मी त्याच्याशी वाद घातला नाही. पण त्या दिवसापासून त्याच्या ‘व्हय व्हय’ला मी घाबरू लागलो. ते कुणाला दिलेलं उत्तर होतं? आणि तो जर असं काही ऐकू शकत असेल, तर माझ्याबद्दलही त्यानं काही ऐकलं असेल का... अशी विचित्र शंका मला ऐन दुपारी, मशीनवर कागद लावताना यायची. मी स्वतःला समजावायचो, योगायोग आहे. तरी मी खाली थांबणं आणखीच टाळू लागलो.

वर्षं गेली. खिळे जाऊन संगणक आला, रस्त्यावरचा फोन जाऊन मोबाइल आले. मंडळात मुली येऊ लागल्या, त्यावर पुन्हा नवे गैरसमज निघाले. मनीषा पहिल्यांदा आली तेव्हा तिचा बाप तिला हाताला धरून न्यायला आला होता. आनंदानं त्याला पायरीवर बसवलं आणि तासभर पाण्याकडे बघायला लावलं. तो माणूस उठला तेव्हा मुलीला तिथंच ठेवून गेला. आज ती एका दवाखान्यात परिचारिका आहे आणि आनंदानंतर मंडळ तीच बघते.

आनंदाला निरोप द्यायला शेकडो लोक आले. वंदना झाली, भाषणं झाली. कुणी म्हणालं, हा माणूस निर्भय होता. कुणी म्हणालं, त्याला मृत्यूशी मैत्री करता आली होती. मी बोललो नाही. माझा प्रश्न आता कायमचा माझ्याकडेच राहिला, हे मला तिथं उभं राहून समजत होतं.

मागच्या आठवड्यात सकाळी मंडळाकडून निरोप आला. पावणं आलेत. मी सवयीनं घाटाकडे निघालो आणि सवयीनंच फोन करायला वर थांबणार होतो, पण एका पोरानं मोबाइलवरून पोलिसांना आधीच कळवलं होतं. मला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. म्हणून मी खाली गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, पोलीस यायच्या आधी मी शेवटच्या पायरीपर्यंत गेलो.

चादर घातलेली होती. मनीषा शेजारी बसली होती, ड्यूटीवर जायच्या पांढऱ्या कपड्यांत. नदीवर धुकं होतं आणि पलीकडचा काठ दिसत नव्हता. तिचं बोलणं चाललं होतं, अगदी त्याच्याच चालीत. ‘गार लागतंय व्हय, पावणं? लागणारच. आता कोण न कोण येईल न्ह्यायला.’ मग ती थोडी वाकली आणि तिनं आवाज खाली आणला. घरातल्या माणसाबद्दल बोलताना आणतो तसा.

‘आन् पावणं, आमचा सुरेश कुठं दिसला का? हाक मारली की लगेच ओ देत न्हाई तो. दोनदा मारावी लागती.’

मी उभा होतो तिथंच उभा राहिलो. हे शेवटचं वाक्य माझ्या आईचं. आमच्या घरात ती ते रोज म्हणायची. आनंदाला तिनं ते कधी सांगितलं, मला माहीत नाही. त्या दिवशी तो उकिडवा बसला होता तेव्हा, की मी घरात नसताना तो पुढेही येत राहिला होता?

‘मनीषा,’ मी म्हटलं, ‘हे काय विचारलंस आता?’

‘सुरेशचं व्हय?’ ती सहज म्हणाली. ‘दादा समद्यांस्नी इचारायचे की. एक पावणा सोडला न्हाई. तुमी फोन करायला वर गेला की इचारायचे. आमाला वाटायचं मंडळाची पद्धतच हाय, म्हणून आमीबी इचारतो. कोण हो काका, ह्यो सुरेश?’

‘माझा भाऊ,’ मी म्हणालो. ‘धाकटा.’

तिनं माझ्याकडे बघितलं. पायरीवर जराशी सरकली आणि माझ्यासाठी जागा केली. ‘मग बसा. तुमीच इचारा.’

मी बसलो. चादरीच्या कडेतून पाणी निथळून पायरीवर येत होतं आणि माझ्या चपलेपाशी येऊन थांबत होतं. आनंदा कुठून सुरुवात करायचा? मी म्हटलं, ‘पावणं...’ आणि तो शब्द म्हटल्यावर पुढचं थोडं सोपं झालं. ‘पावणं, आमचा सुरेश दिसला का हो कुठं?’

धुक्यात पाण्याचा आवाज येत होता. मी ऐकत राहिलो.

‘दोनदा, काका,’ मनीषा म्हणाली.